डायनासुराला हार

डायनासोरचा तो सिनेमा मी किती वेळा पाहिला, हे आता मलाही सांगता येणार नाही. थेटरात एकदा, केबलवर आठ-दहा वेळा, भाड्याने आणलेल्या सीडीवर दोनदा, आणि पुढे कुठल्या ना कुठल्या चॅनलवर रविवारच्या दुपारी, साबणाच्या जाहिराती सोसत. पण आमच्या घरात या सिनेमाचं वेड कोणाला, असं विचारलंत तर माझ्याकडे कोणी बोट दाखवणार नाही. सगळे आईकडे दाखवतील. माझी आई चौथी शिकलेली. नाशिकच्या कडेला आमचा मळा. तिथे तिने जन्मभर झेंडू आणि शेवंती तोडली, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधल्या. हिंदी सिनेमातले नट तिला धड ओळखू येत नाहीत. पण बेटावरच्या त्या अजस्र जनावरांचा सिनेमा लागला की ती हातातलं काम बाजूला ठेवून बसते, आणि आम्ही म्हणतो, आला हिचा पाहुणा.

या वेडामागे एक गोष्ट आहे. तिच्यात मी फारशी शोभून दिसत नाही, म्हणून ती सांगायला मी इतकी वर्षं लावली.

मी तेव्हा नववीत होते. शाळा शहरात होती आणि मी सायकलने जायचे. शाळेत 'आहे' आणि घरी 'हाय', असे दोन सूर मला तोवर छान जमायला लागले होते. पंचवटी ओलांडली की जीभ आपोआप बदलायची आणि याचा मला अभिमान होता, कसला ते विचारू नका. दादा, माझा मोठा भाऊ, नुकताच अंबडच्या एका कारखान्यात चिकटला होता. तिथल्या पोरांनी त्याच्या डोक्यात हा सिनेमा भरवला. रोज घरी आला की सुरू व्हायचा. जनावर केवढं, तर आपली कांद्याची चाळ त्याच्या पोटाखालून जाईल! त्यातच एक रिक्षा भोंगा लावून आमच्या रस्त्याने फिरायला लागली. भोंग्यावरच्या माणसाचं आणि इंग्रजीचं काही जमत नसावं. तो घसा ताणून ओरडायचा, "पृथ्वी हादरवणारा महाकाय डायनासूर! आता हिंदीमध्ये! पाहायला विसरू नका, डायनासूर!"

आई शेवंतीच्या वाफ्यात होती. कमरेवर हात ठेवून तिने ते सगळं ऐकलं आणि संध्याकाळी दादाला म्हणाली, "त्या असुराच्या पिक्चरला मी पण येते."

आम्ही चाट पडलो. लग्नानंतर ती एकदाही थेटरात गेली नव्हती. त्याआधीचा तिचा सिनेमा म्हणजे माहेरच्या जत्रेत तंबूत पाहिलेला एक पौराणिक चित्रपट. दादाला वाटलं, आपल्या वर्णनाचा हा परिणाम. का यायचंय, हे तिला कोणीच विचारलं नाही. आईच्या दृष्टीने सगळं सरळ होतं. महिषासुर, भस्मासुर, तसा हा डायनासुर. तिचं माहेर देवळ्याकडचं. लहानपणी चैत्रात वडिलांचं बोट धरून ती पायी सप्तशृंगीच्या गडावर जायची. असुर म्हटला की मागोमाग देवी येणार, एवढं तिला कळत होतं.

रविवारी बाराच्या खेळाला आम्ही चौघं गेलो. वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, आई, दादा आणि मी. आईने ठेवणीतली साडी नेसली होती आणि हातात कापडी पिशवी होती. मला वाटलं, खायला काहीतरी घेतलं असेल. थेटरातले दिवे गेले तसा तिने पिशवीतून सुई-दोरा काढला आणि झेंडूचा हार ओवायला घेतला. फुलं ओवायला तिला उजेड लागत नाही. पहाटे अंधारात बाजारासाठी तोडणी करून करून तिच्या बोटांनाच दिसायला लागलंय. थोड्याच वेळात आमच्या दोन-तीन रांगांना झेंडूचा वास यायला लागला. कोणीतरी पुढून वळून पाहिलं. मी पिशवी पायाने सीटखाली ढकलायचा प्रयत्न केला, तर आईने तीच पिशवी उचलून मांडीवर घेतली.

त्या सिनेमात बराच वेळ मोठं जनावर दिसतच नाही. नुसते आवाज येतात, झाडं हलतात, माणसं थबकून वर बघतात. दादा चुळबुळत होता. आप्पा थंडगार हवेत केव्हाच झोपले होते. आई मात्र अगदी शांत बसली होती. गडावरच्या रांगेत उभं राहणाऱ्या माणसाला दर्शनाआधी ताटकळणं अंगवळणी पडलेलं असतं. मग ते पडदाभर आलं, लांब मानेचं, झाडाचा शेंडा खाणारं, आणि सगळं थेटर गप्प झालं. आईचा हात थांबला आणि तिच्या तोंडून माहेरची बोली निघाली, "ओ माय! हाई काय शे!"

मग ती बोलायलाच लागली. "हे पाला खातंय, म्हंजे हा त्यो नव्हं," तिने मला समजावून सांगितलं. दात विचकणारा आला तेव्हा म्हणाली, "हा बघ. हा डायनासुर." बेटावरची वीज गेली, कुंपणं निकामी झाली, जनावरं मोकळी सुटली, तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "अरे, वायरमनला बोलवा!" थेटर हसलं, पण आईला हसू आलं नाही. "लाइट गेल्यावर काय ऱ्हातं मग," ती गंभीरपणे म्हणाली. हशाने आप्पा दचकून जागे झाले, "आली का लाइट? मोटर चालू कर," म्हणाले आणि पुन्हा झोपले.

इंटरव्हलनंतर कधीतरी आईने हाराची गाठ मारली आणि मला कोपराने ढोसलं. "देवी कधी येती गं?"

"कोण देवी?"

"याला मारायला. आपलीच येती का दुसरी कोणी?"

क्षणभर मला काही कळेना, आणि कळलं तेव्हा कानशिलं तापली. पुढच्या रांगेत कॉलेजच्या दोन मुली होत्या, त्या फिसकन हसल्या. "आई, तसला पिक्चर नाही हा, गप बस ना," मी दातओठ खाऊन म्हटलं. आई गप बसली, पण हार तिने पिशवीत ठेवला नाही. ती शेवटपर्यंत वाट पाहत होती. माणसं जीव मुठीत धरून बेटावरून निघून गेली, पडद्यावर इंग्रजी नावं सरकायला लागली, दिवे लागले, तरी ती बसूनच होती.

"संपला? आणि त्यो?"

"तो तिथेच राहिला," दादा म्हणाला.

"मारला नाय कोणी?"

"नाही मारत."

बाहेरच्या लॉबीत पुठ्ठ्याचा एक मोठा डायनासोर उभा केला होता. लोक त्याच्याजवळ थांबून बघत होते. आई त्याच्यापुढे गेली, टाचा उंच केल्या आणि हार त्याच्या पुठ्ठ्याच्या हातात अडकवून दिला. मग हात जोडले. सगळी लॉबी बघत होती. काही जण हसले, एकाने टाळ्या वाजवल्या. दादाने तिचा दंड धरला, तर ती आम्हालाच समजावायला लागली, "देवीसाठी केलेला हार माघारी न्यायचा नसतो. आन् गडावर पायऱ्यांपाशी म्हैसासुराचं बी देऊळ हाय. त्याला नाय का लोक फुलं वाहत?" तिच्या म्हणण्यात कुठेही खोट नव्हती. पण मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि मला फक्त एवढंच हवं होतं, की या बाईची आणि माझी ओळख नाही असं कोणीतरी जाहीर करावं.

दुसऱ्या दिवशी मी ही हकीकत वर्गातल्या मैत्रिणीला सांगितली. स्वतःच्या आईची गोष्ट म्हणून सांगितली, आणि तिखटमीठ लावून, हातवारे करून सांगितली. मैत्रीण हसून लोळली. आपण इतकं छान हसवू शकतो याचाच मला आनंद झाला. मैत्रिणीचा भाऊ शहरातल्या एका गणेश मंडळात होता, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि लक्षात असणं यात फरक असतो.

त्या वर्षी गणपतीत नाशकात डायनासोरचे देखावे आले नसते तरच नवल. त्या मंडळाने गोणपाट आणि बांबूचा एक केला होता. तो मान हलवायचा आणि डोळ्यांत लाल बल्ब लागायचे. आप्पा सोडून आम्ही तिघं देखावे बघायला गेलो, तसे तिथेही रांगेत उभे राहिलो. आई खूश होती. "याचं तोंड जरा बारीक झालंय," असं तिने जाणकारासारखं सांगितलं. आणि मग मैत्रिणीच्या भावाने माइक हातात घेतला. "मंडळी," तो म्हणाला, "आपल्या नाशकात एक माउली या डायनासोरच्या सिनेमाला चक्क हार घेऊन गेली, आणि म्हणते कशी, देवी कधी येती गं?" ते 'येती गं' त्याने अगदी आईसारखं म्हटलं, म्हणजे मी म्हणून दाखवलं होतं तसंच. सगळी रांग हसली. पोरंबाळं, म्हातारी माणसं, सगळी हसली.

आईही हसली. तोंडाला पदर लावून, शेजारच्या बाईकडे बघत ती म्हणाली, "आसंल कोणी येडी."

मी गोणपाटाच्या डायनासोरकडे बघत राहिले. घरी जाईपर्यंत मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिने विचारावं, मी कबूल करावं, एक धपाटा खावा आणि प्रकरण मिटावं, असं मला फार वाटत होतं. तिने काहीच विचारलं नाही. घरी येऊन तिने भाकरी टाकल्या आणि आप्पांना सांगितलं की देखावे चांगले होते.

त्यानंतर आईने मला काही विचारायचंच सोडलं. एका दिवसात नाही, हळूहळू. आधी ती सगळं विचारायची. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, बातम्या देणारी बाई मधूनच खाली का बघते, चंद्रावर गेलेली माणसं परत आली का. सायकल लावायच्या आतच तिचा एखादा प्रश्न तयार असायचा. आता मी आपण होऊन काही सांगायला गेले तरी ती "आसंल काहीतरी" म्हणायची आणि जुडी बांधायला लागायची. हे दोन शब्द मला शिवीसारखे लागायचे. मी मुद्दाम पुस्तक घेऊन तिच्याजवळ बसायचे, वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे. ती ऐकायची, पण विचारायची नाही. हे आपल्यामुळे झालं, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि कबूल करायचं धैर्य नव्हतं. तोंड उघडायला गेले की त्या माइकवरचा आवाज आठवायचा. तो माझाच आवाज होता.

गंमत अशी की सिनेमा मात्र तिने सोडला नाही. मळ्यात केबल आल्यावर आमच्यापेक्षा आधी तिला कळायचं, आज तो लागणार म्हणून. त्याचे पुढचे भाग आले, तेही तिने पाहिले, पण जीव पहिल्यातच. "ह्यांच्यात निसती पळापळ," असा तिने निकाल दिला. तो बरोबर आहे, असं आता मलाही वाटतं. नंतर कितीतरी चकचकीत सिनेमे आले, जनावरं आणखी मोठी झाली, आणखी खरी दिसायला लागली. पण त्या पहिल्यासारखं कोणी आपल्याला थांबायला लावलं नाही. आधी धाक, मग चाहूल, आणि मग दर्शन. आईने पहिल्याच खेळाला तो सिनेमा ज्या भावनेने पाहिला, ती आमच्या सगळ्यांपेक्षा त्याच्या जास्त जवळची होती. फक्त देवीच्या बाबतीत तिची चूक झाली, आणि मी नेमकी तेवढीच उचलून गावभर केली.

पुढे माझं लग्न झालं. सासर शहरातच, पाथर्डी फाट्याजवळच्या एका इमारतीत. लेक झाली, सात वर्षांची झाली. लोडशेडिंगचे दिवस होते ते. एका रविवारी आई आमच्याकडे आली होती आणि दुपारी टीव्हीवर तोच सिनेमा लागला. आई मटार सोलत होती, शेजारी माझी लेक आणि तिच्या इमारतीतल्या दोन मैत्रिणी. जनावरं कुंपण मोडून बाहेर आली आणि आमची लाइट गेली. पोरींनी एकच गलका केला. तेव्हा लेक म्हणाली, "थांबा गं, आजीला सगळा पाठ आहे. आजी, तू सांग पुढचं."

आणि आईने सांगितला. मटार सोलायचं थांबवून, दोन्ही हातांनी जनावराची मान करून, लेकरं कुठे लपली, पाऊस कसा कोसळत होता, सगळं. पोरी तोंडं उघडी टाकून ऐकत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. एवढं मोकळं बोलताना मी तिला किती वर्षांनी ऐकत होते.

"मग त्याला कोण मारतं?" एका मैत्रिणीने विचारलं.

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. "कोणी नाय मारत," ती म्हणाली. "का मारायचं? त्याचंच घर हाय ते. माणसं येडी, त्याच्या घरात शिरली. पण लेकरं वाचतात दोन्ही. मी तेवढंच बघायला बसते दर वेळी, की लेकरं वाचली."

पोरींचं समाधान झालं आणि त्या खाली खेळायला पळाल्या. घरात उकडत होतं म्हणून दार उघडं टाकलं होतं. बाहेर जिन्याच्या पायरीवर शेजारीण मेथी निवडत बसली होती. मी आईसमोर बसले, एक शेंग उचलली आणि म्हटलं, "आई, त्या गणपतीत माइकवर तो बोलला ना, ते मी सांगितलं होतं मैत्रिणीला."

"माहीत हाय मला," आई म्हणाली.

"कधीपासून?"

"तवापासूनच. थेटरात आपण चौघं होतो. तुझे आप्पा झोपलेले. दादा एक शब्द बोलायचा तर चारदा इचार करतो. मग ऱ्हायलं कोण?"

मला हसायला आलं आणि डोळेही भरून आले. "मग रागावलीस का नाहीस? तेव्हापासून तू मला काही विचारायचंच सोडलंस."

"ते त्याच्यापायी नाय गं. लोक हसले तर हसले, हसण्यासारखंच होतं ते." तिने एक शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले. "त्याच्यानंतर मी काही इचारलं ना, की तू आधी इकडं तिकडं बघायचीस. कोणी ऐकत तर नाय ना म्हणून. मग सांगायचीस. घरात बी. मला वाटलं, कशाला लेकराला अवघड करायचं."

मी माइकचा, मंडळाचा, त्या पोराचा विचार करत इतकी वर्षं काढली होती. माझ्या स्वतःच्या मानेचा मला पत्ताच नव्हता. मी खाली बघून रडले, चांगली रडले, आणि आई मला उगी उगी न करता मटार सोलत राहिली. त्याचं मला बरं वाटलं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "झालं का? मग एक इचारू का? लय दिवस झाले इचारायचं ऱ्हायलंय."

"विचार."

"ह्या पिक्चरमधली माणसं गोरी हायत, लांबच्या देशाची. मग इतकं साफ हिंदी कशी काय बोलतात?"

आणि माझी मान वळली. अगदी आपोआप, दाराकडे, पायरीवर बसलेल्या शेजारणीकडे. आईने ते पाहिलं. तिने पाहिलं, हे मीही पाहिलं. दार लोटायला उठावं असं एक क्षण वाटलं, ते मी गिळलं आणि होता तेवढा आवाज काढून सांगायला लागले, की आई, ती माणसं त्यांच्याच भाषेत बोलतात, पण मुंबईला काही जण एका खोलीत बसून त्यांच्या ओठांबरोबर हिंदी बोलतात, आणि तो आवाज—

"अहो ताई, थांबा, थांबा!" बाहेरून शेजारीण ओरडली. मेथीची पाटी कमरेवर घेऊन ती सरळ आत आली. "मला तर वाटायचं, ते लोक शिकून घेतात हिंदी. कधीपासून विचारायचं होतं, पण घरात कोणाला विचारायची सोय आहे का? लगेच हसतात मेले."

आईने सतरंजीवर सरकून तिला जागा केली आणि मला म्हणाली, "हं, सांग आता. पहिल्यापासून सांग."